मुलीचा इंजिनिअरिंगचा कॅप अर्ज: शेजारी बसणाऱ्या आई-बापाला काय माहीत हवं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मुलीने एमएचटी-सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) दिली, पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स गटात ९४.२ पर्सेंटाईल आहेत. आम्ही अंबाजोगाईचे, जिल्हा बीड. तिची अकरावी-बारावी मात्र लातूरच्या कॉलेजात झाली. प्रवर्ग ओबीसी, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत. तिला कॉम्प्युटर हवंय, ते नाहीच जमलं तर इलेक्ट्रॉनिक्स.

घरात इंजिनिअरिंगला जाणारी ही पहिलीच. नेट कॅफेवाला म्हणतो, "कागदं आणि मोबाईल द्या, बाकी मी बघतो." तसं करायचं नाही. अर्ज मुलगी स्वतः भरेल, पण ती काय करतेय ते शेजारी बसून आम्हा दोघांना कळलं पाहिजे. तर विचारायचं ते असं: अर्जाचे टप्पे किती? कागद कोणते, आणि ते कुठे अडतात? पसंतीक्रमात अवघड कॉलेज वर लिहिलं तर हातची जागा जाते का? आणि मुलींना फी माफ म्हणतात ती नेमकी कशाची?

सह्यकडा

टप्प्यांचं मी सांगतो, कागदपत्रांचं आणि पसंतीक्रमाचं इथले जाणकार लिहितीलच.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की सीईटीचा फॉर्म वेगळा आणि कॅपचा अर्ज वेगळा. कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. परीक्षाही राज्य सीईटी कक्षच घेतो आणि प्रवेशही तोच करतो, त्यामुळे "एकदा फॉर्म भरलाय की" असं वाटून पालक स्वस्थ बसतात. कॅपची नोंदणी स्वतंत्र, तिचं शुल्क स्वतंत्र, मुदतही स्वतंत्र.

नोंदणी करून कागद अपलोड केले की पडताळणी होते. तिचे दोन मार्ग: घरबसल्या ई-स्क्रुटिनी, किंवा जवळच्या सुविधा केंद्रावर मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष जाणं. पालकांची फसगत होते ती ई-स्क्रुटिनीत. पैसे भरले, पावती आली, म्हणजे झालं असं वाटतं. पण एखादा कागद अस्पष्ट असेल किंवा चुकीच्या रकान्यात चढवला असेल तर अर्ज त्रुटी दाखवून लॉगिनमध्ये परत येतो. तो दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवायचा असतो. लॉगिन कॅफेवाल्याकडे असेल तर हे कळणार कोणाला? म्हणून अर्ज "कन्फर्म" झाल्याची पोचपावती हातात येईपर्यंत दिवसातून दोनदा लॉगिन करून बघा. मोबाईल नंबर आणि ईमेल मुलीचा किंवा तुमचाच द्या. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, कॅफेच्या कॉम्प्युटरवर साठवू नका.

पुढे तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. त्यात नाव, प्रवर्ग, लिंग, उमेदवारीचा प्रकार, गृह विद्यापीठ आणि गुण एकेक करून ताडून बघा. हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात. अंतिम यादी लागल्यावर चूक सापडली तर फार काही हातात राहत नाही. त्यानंतर फेऱ्या सुरू होतात आणि प्रत्येक फेरीत तेच चक्र: पसंतीक्रम भरणं, जागावाटप, जागा स्वीकारणं, कॉलेजात हजर होणं. २०२५-२६ मध्ये अशा चार फेऱ्या झाल्या. यंदाच्या तारखा आणि नियम माहितीपुस्तिकेत असतात. ती उतरवून घ्या आणि निदान फेऱ्यांचं प्रकरण मुलीबरोबर बसून वाचा.

९४.२ पर्सेंटाईल म्हणजे ९४ टक्के गुण नव्हेत, हे घरातल्या थोरांनाही सांगून ठेवा. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असतात. तिच्या सत्रातल्या ९४.२ टक्के मुलांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण पडले, एवढाच त्याचा अर्थ. जागावाटप चालतं ते या पर्सेंटाईलवरून लागलेल्या गुणवत्ता क्रमांकावर.

चिंचबन

कागदांबद्दल. तुमच्या परिस्थितीत लागणारे कागद: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सीईटीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर (कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र), उत्पन्नाचा दाखला, आणि वय-अधिवास व राष्ट्रीयत्व दाखला. यातले तीन ठिकाणी घोळ होतात.

नॉन-क्रिमिलेअर. यावरची "वैध दिनांक" ही ओळ बघा. ज्या वर्षी प्रवेश, त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं. मुलीने जेईईसाठी काढलेलं असेल तर ते केंद्राच्या नमुन्यातलं असतं. कॅपला राज्याच्या नमुन्यातलं लागतं. दोन्ही तुमच्याच उपविभागीय कार्यालयातून मिळतात आणि दिसायलाही जवळपास सारखी, म्हणून गफलत होते. (ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बल घटकवाल्यांनाही हेच लागू. केंद्राचा दाखला इथे चालत नाही.)

जात वैधता. जातीचा दाखला म्हणजे वैधता नव्हे. ती जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते आणि वेळ खाते. अजून आली नसेल तर अर्ज केल्याची पावती नोंदणीच्या वेळी चालते, पण मूळ प्रमाणपत्र वेळापत्रकात दिलेल्या तारखेपर्यंत द्यावंच लागतं. नाही दिलं तर मुलीची गणना खुल्या प्रवर्गात होते आणि ओबीसीतून मिळालेली जागा जाते. पावती लावून निर्धास्त होऊ नका, समितीच्या कार्यालयात पाठपुरावा सुरू ठेवा.

शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मस्थळ आणि राष्ट्रीयत्व "भारतीय" असं स्पष्ट लिहिलेलं असावं. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि जन्म किंवा अधिवास महाराष्ट्रातला, अशा मुलांची उमेदवारी "टाईप ए" धरतात. तुमची तीच. दाखल्यावर जन्मगाव कोरं असेल तर आत्ताच कॉलेजातून दुरुस्त करून घ्या. मूळ दाखला पुढे प्रवेश घेतलेल्या कॉलेजात जमा होतो, तेव्हा त्याच्या पाच-सहा झेरॉक्स आणि एक रंगीत स्कॅन आधीच करून ठेवा.

स्कॅन करताना मोबाईलच्या कॅमेऱ्याने तिरपा फोटो काढू नका. गोल शिक्का आणि बारकोड वाचता आला पाहिजे. दाखल्याच्या मागच्या बाजूला मजकूर असेल तर दोन्ही बाजू एकाच फाईलमध्ये घ्या.

नावाचं बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तेच स्पेलिंग अर्जात. आधारवर वेगळं असेल तर आधार दुरुस्त करून घ्या. पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी तिथेच अडतं.

रानवाट

आता पसंतीक्रम. खरा प्रवेश इथे ठरतो आणि पालकांची सगळ्यात जास्त चुकीची समजूतही इथेच असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

*गृह विद्यापीठ आधी समजून घ्या.* तुम्ही बीड जिल्ह्यातले, म्हणून छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ आपलं, असं धरून चालाल तर सगळा हिशेब चुकेल. मुलीचं गृह विद्यापीठ ती राहते कुठे यावरून ठरत नाही, बारावी कुठल्या कॉलेजातून पास झाली यावरून ठरतं. लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाखाली येतो. म्हणजे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतली कॉलेजं तिला "गृह", बाकी सगळी "इतर". ज्या कॉलेजांना ही विभागणी लागू आहे तिथे राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. पुणे, नाशिक, अहिल्यानगर हे पुणे विद्यापीठाखाली. तिथे ती ३० टक्क्यांतून येणार. ज्यांची मुलं नाव गावाकडच्या कॉलेजात ठेवून क्लास पुण्या-लातूरला करतात, त्यांनीही हे ध्यानात घ्यावं. क्लासचं गाव मोजत नाहीत, कॉलेजचं मोजतात.

*कटऑफचा तक्ता वाचायला शिका.* गेल्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचे तक्ते सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. एक रकाना घेऊन बघू. वर लिहिलेलं असतं "जीओबीसीएच". पहिलं अक्षर जी, म्हणजे सर्वसाधारण. तिथे एल असेल तर ती मुलींसाठी राखीव जागा. मधलं ओबीसी हा प्रवर्ग, तिथे ओपन असेल तर खुला. शेवटचं एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे इतर विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. खाली दोन आकडे असतात: वरचा शेवटच्या प्रवेशाचा गुणवत्ता क्रमांक, कंसातला त्याचे पर्सेंटाईल.

तुमच्या मुलीचा विचार चारही रकान्यांत होतो: जी ओपन, एल ओपन, जी ओबीसी, एल ओबीसी. लातूर-नांदेडला ते एचचे बघायचे, पुण्याला ओचे, आणि कॉलेजला एस असेल तर एसचे. चारांत जो सगळ्यात खाली आलाय तो तिचा दरवाजा. पालक नुसता "कॉलेजचा कटऑफ ९७" ऐकून ते नाव खोडून टाकतात. तो आकडा बहुतेक वेळा जी ओपनचा असतो.

पर्सेंटाईल आणि गुणवत्ता क्रमांक दोन्ही ताडा. परीक्षेला बसणारी मुलं वाढली की त्याच पर्सेंटाईलला क्रमांक मागे जातो, आणि जागा काही त्या प्रमाणात वाढलेल्या नसतात.

*क्रम लावायचा तो आवडीचा, कटऑफचा नाही.* अवघड कॉलेज वर लिहिलं तर हातची जागा जाते का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. समजा तीन पर्याय आहेत. पुण्याचं कॉम्प्युटर, तिच्या रकान्यात गेल्या वर्षी ९७ ला बंद झालेलं. दुसरं एका जिल्ह्याच्या गावचं कॉम्प्युटर, ९३ ला बंद झालेलं. तिसरं घराजवळचं इलेक्ट्रॉनिक्स, ८८ ला. यंत्रणा गुणवत्ता यादीतल्या मुलांना क्रमाने घेते. तुमच्या मुलीचा नंबर आला की तिची यादी वरून खाली वाचते आणि जिथे जागा शिल्लक दिसेल तिथे थांबते. पुण्याचं पहिलं लिहिलं आणि मिळालं नाही, तर ती दुसऱ्यावर जाते. वर अवघड नाव लिहिलं म्हणून दुसऱ्या जागेवरचा तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही. पण तिसरं "नक्की मिळेल" म्हणून दुसऱ्याच्या वर लिहिलंत, तर यंत्रणा तिथेच थांबेल आणि दुसरं मिळत असूनही बघणारच नाही. नुकसान होतं ते असं.

*बंधनकारक पसंती.* २०२५-२६ मध्ये नियम होता: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीज, म्हणजे तीच कायम. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही. चौथ्या फेरीत मिळेल ते अंतिम. आपोआप फ्रीज झालेली जागा घेतली नाही तरी पुढच्या कॅप फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीचे पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीचे पहिले सहा पर्याय भरताना मुलीला थेट विचारा: "हे आज मिळालं तर आनंदाने जाशील?" उत्तरात जराही आढेवेढे असतील तर तो पर्याय खाली सरकवा.

पसंती नवीन भरायची संधी प्रत्येक फेरीत मिळते, जुनी यादी चिकटून राहत नाही. बंधनात न येणारी जागा मिळाली तर ती स्वीकारून "नॉट फ्रीज" ठेवता येते, म्हणजे पुढच्या फेरीत बेटरमेंटसाठी, याहून चांगली जागा मिळवायला, उतरता येतं. पण मग नव्या यादीत हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगल्या वाटणाऱ्याच जागा लिहायच्या. नवी जागा मिळाल्याक्षणी जुनी रद्द होते आणि ती परत मागता येत नाही. नवी नाही मिळाली तर जुनी कायम राहते.

यादी भरून "सेव्ह" केली आणि "कन्फर्म" केली नाही, तर ती धरली जात नाही. शेवटच्या दिवशी रात्री साइट हळू चालते. आदल्या दिवशी कन्फर्म करून छापील प्रत काढा.

तुळशीवृंदावन

रानवाट यांच्याशी सहमत, फक्त पर्यायांच्या संख्येबद्दल लिहिते. "वीस कॉलेजं भरा, पुरे" असं कॅफेत सांगतात. ते ऐकू नका. ९४ च्या आसपास चुरस दाट असते, अर्ध्या पर्सेंटाईलमध्ये हजारो मुलं बसतात. साठ ते ऐंशी पर्याय सहज भरावेत. कॉलेज आणि शाखा मिळून एक पर्याय होतो, त्यामुळे पंचवीस कॉलेजांतच हा आकडा भरतो. त्यातले वरचे पंधरा-वीस तिच्या आवाक्याच्या थोडे वरचे, मधले तीसेक आवाक्यातले, शेवटचे पंधरा असे, की तिच्या रकान्यातला त्यांचा कटऑफ तिच्या पर्सेंटाईलपेक्षा चार-पाचने खाली आहे. पहिल्या फेरीत जागाच न मिळण्यापेक्षा बरी जागा हातात असणं केव्हाही चांगलं.

यादी आधी कागदावर करा. एक वही, चार रकाने: चॉईस कोड (त्या कॉलेजातल्या त्या शाखेचा क्रमांक), कॉलेज व शाखा, तिच्या रकान्याचा गेल्या वर्षीचा आकडा, आणि घरापासूनचं अंतर व वसतिगृह. चौथा रकाना आई-वडिलांनी भरायचा, क्रमांक मुलीने लावायचा. कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स यांतलं तिला काय चालतं आणि काय चालत नाही हे तिला आधी ठरवू द्या. चॉईस कोड टाकताना एक अंक चुकला तर दुसरीच शाखा येते, म्हणून एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गृह विद्यापीठाचं तर डोक्यातच नव्हतं, आम्ही संभाजीनगर धरूनच यादी करत होतो. फीचं कोणी सांगेल का? टीएफडब्ल्यूएस नावाचं काही वेगळं असतं का? आणि एक एजंट फोन करतोय, "मॅनेजमेंटमधून आत्ताच जागा पक्की करा, नंतर मुलीची फी माफ होईलच" म्हणून.

अबोली

एजंटचं दुसरं वाक्य खोटं आहे. संस्थास्तरावरच्या किंवा मॅनेजमेंटच्या जागेवर प्रवेश घेतलेल्या मुलीला ही सवलत मिळत नाही. त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा लागतो.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ते निम्मं माफ होतं. तुमची मुलगी यात बसते. पण माफी या दोन शुल्कांचीच. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, बस हे भरावंच लागतं. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तिचे दोन भाग वेगळे करून बघा: शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती. यादीच्या वहीत हाही रकाना घाला.

ही माफी आपोआप होत नाही. प्रवेश झाल्यावर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर मुलीला अर्ज करावा लागतो आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा आणि चालू मुदतीचा हवा. मुलीच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. कोणत्या खात्याला आधार जोडलाय हे बँकेत विचारून खात्री करा, कारण पैसे तिथेच जातात. वसतिगृहात राहणार असेल तर निर्वाह भत्त्याची कुठली योजना तिच्या प्रवर्गाला लागू आहे का, तेही बघा.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जादा जागा. मंजूर संख्येच्या वर ५ टक्के, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी, सगळ्या प्रवर्गांना एकत्र. त्यांचा चॉईस कोड वेगळा असतो, शेवटी इंग्रजी टी येतो. कटऑफ बहुधा नेहमीच्या जागेपेक्षा वर असतो. नोंदणीच्या वेळी टीएफडब्ल्यूएस हवं का या प्रश्नाला "हो" म्हटलं आणि उत्पन्नाचा दाखला लावला तरच हे कोड भरता येतात. त्याच कॉलेजचा आणि शाखेचा टी कोड व साधा कोड एकाखाली एक लिहा. दोन दरवाजे होतात, तोटा काही नाही.

गोदाकाठ

आज फाईल काढून बघितली. नॉन-क्रिमिलेअर आहे, पण ते जेईईच्या वेळचं, केंद्राच्या नमुन्यातलं. वैधताही गेल्या ३१ मार्चला संपली. नोंदणीची मुदत आठ दिवसांवर आहे. आता?

चिंचबन

आजच आपले सरकारवर किंवा सेतू केंद्रात राज्याच्या नमुन्यासाठी अर्ज करा. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा तहसीलचा दाखला सोबत लागतो. तो नसेल तर आधी तो, आणि तोही आजच. अर्ज केल्याची पावती मिळेल, तिच्यावरचा अर्ज क्रमांक आणि तारीख नीट वाचता येईल असा स्कॅन काढा आणि कॅपच्या नोंदणीत "पावती उपलब्ध" हा पर्याय निवडून ती चढवा. पावतीची तारीख नोंदणीच्या मुदतीच्या आतली हवी.

जुनं केंद्राचं प्रमाणपत्र चुकूनही अपलोड करू नका. त्यावर अर्ज त्रुटी दाखवून परत येईल आणि आठांतले दोन दिवस त्यातच जातील. मूळ प्रमाणपत्र हातात आलं की त्याच दिवशी लॉगिनमध्ये चढवा आणि पडताळणीची स्थिती बदलली का ते बघा. वेळापत्रकातली मूळ कागद देण्याची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा, जात वैधतेचीही तीच बघा.